मनोऱ्यावरची पंगत

वेंकोबराव अण्णांनी पहिल्याच भेटीत मला ठोकून पाहिलं. अगदी शब्दशः. नवा कोट घालून आणि पुण्याहून आणलेलं पदवीचं भेंडोळं काखेत धरून मी त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि मधल्या बोटाच्या पेरानं माझ्या छातीवर, खिशातल्या पेनाच्या खाली, दोनदा ठक ठक केलं. कान तिरका करून ऐकलं. मग म्हणाले, "जेवला नाहीस की रे तू. आत पोकळ वाजतंय. जा, कँटीनात इडली खाऊन ये, मग बोलू."

मी खरोखरच जेवलो नव्हतो. पण त्या वेळी मला त्यांचा असा राग आला, की इडली खाताना मी मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला. तिसऱ्या इडलीला तो फाडला.

ही गोष्ट पन्नासच्या दशकाच्या अखेरीची. बंगलोरच्या ज्या सरकारी कारखान्यात मी लागलो होतो, तिथे अण्णा तपासणी विभागाचे प्रमुख होते. फाउंड्रीतून ओतून आलेला भाग दोरीला टांगायचा, त्याच्यावर लहानशी हातोडी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे. लाल रंगाचा फराटा, आणि रवानगी भंगारात. आयुष्यभर हे केल्यामुळे अण्णांना जगातली कुठलीच वस्तू न वाजवता स्वीकारता येत नसे. नारळ, कपबशी, दार, खुर्ची, शेजाऱ्याची नवी भिंत. कँटीनमध्ये ते टेबलाशी आले की आम्ही आपापले चहाचे कप उचलून हातात धरत असू; नाहीतर ते वाजवत आणि "याला केस गेलाय" असं सांगून आपला घोट कडू करत.

बंगलोरमधल्या शिवाजीनगरच्या बाजारात मडकी विकणारी एक बाई होती. अण्णा लांबून दिसले की ती हात जोडायची. "सामी, आज नको. आज गिऱ्हाईक आहे. उद्या या." कारण अण्णा एक माठ घेण्यासाठी वीस वाजवत, आणि बद्द वाजलेले सात-आठ बाजूला काढून ठेवत. तेही मोठ्यानं, प्रत्येकाची मयत जाहीर करत. त्या दिवशी मग तिच्या दुकानात कोणी फिरकत नसे.

अंगानं अण्णा ऐसपैस होते. कपाळावर गंधाची काळी उभी रेघ, डोक्याला काळी टोपी, आणि धोतरावर कोट. त्यांच्या घराण्याचा कोणी मूळ पुरुष कुठल्याशा स्वारीबरोबर इकडे आला आणि परत जायचं विसरला. तेव्हापासून ही मंडळी चिकपेठेच्या आसपास राहून आपलं जुनं मराठी सांभाळत होती. "सांगिटलं", "स्वल्प सरक" असं बोलत, आणि मधेच कन्नडातलं "सरी, आयतु", म्हणजे ठीक, झालं. आम्ही पुण्या-मुंबईहून आलेले नोकरदार त्यांच्या बोलण्याला हसायचो. आमचा आमटीतला गूळ आणि तुपाची धार यांना ते हसायचे. मराठी मंडळाच्या जेवणात आमची एक पंगत आणि त्यांची समोर दुसरी, असं कोणी न ठरवता होऊन जाई.

अण्णांच्या भाचीचं लग्न मोडलं ती हकीकत मी त्यांच्या बायकोकडून, पद्मक्कांकडून ऐकली. मुलाकडची मंडळी मल्लेश्वरमची, सुखवस्तू. दिवाणखान्यात पितळी कड्यांचा झोपाळा. मुलगा, मुलाचे वडील, आजी आणि दोन लहान मुलं झोपाळ्यावर बसलेली. बोलणी छान चाललेली असताना अण्णा उठले, तुळईला हात पोचेना म्हणून स्टुलावर चढले आणि झोपाळ्याचा आकडा ठोकू लागले. मग खाली उतरून म्हणाले, "सगळे उतरा."

मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या वडिलांच्या वेळचा झोपाळा आहे. आजवर पडला नाही."

"पडला नाही म्हणजे चांगला आहे, असं कोण सांगिटलं?"

"तुम्ही सोयरीक जुळवायला आला आहात की आमचं घर पाडायला?"

लग्न फिसकटलं. "आणि अक्का, तो झोपाळा पडला का पुढे?" मी विचारलं. पद्मक्का हसल्या. "कुठला पडतोय! अजून झुलतात त्याच्यावर. यांना विचारलं तर म्हणतात, माझा कान खोटा नाही, त्यांचं नशीब जास्त आहे."

पद्मक्का म्हणजे अण्णांच्या उलट. ते ठोकत जायचे, या मागून बुजवत यायच्या. त्या मडकीवालीकडून चिरलेली दोन मडकी मुद्दाम विकत आणून त्यांनी तुळशीपाशी रोपांना लावली होती. गुडघे धरलेले, त्यामुळे चालणं बदकासारखं, पण जीभ कातरीसारखी. दोघं एकमेकांना नावानं हाक मारत नसत. ते त्यांना "इकडे बघ" म्हणत, त्या त्यांना "अहो, ऐकलं का".

हे सगळं सांगतोय ते वनभोजनाच्या दिवसापर्यंत पोचण्यासाठी.

कार्तिकात आमचं मंडळ वनभोजनाला जात असे. त्या वर्षी सहलीचा चिटणीस मी. बंगलोरपासून बसनं दोन तासांवर एक विस्तीर्ण तळं होतं; इकडे त्याला केरे म्हणतात. काठाला पाणकणसांचं रान, मैलभर पसरलेली दलदल, आणि थंडीत लांबलांबून येणारे पक्षी. सरकारनं नुकतीच तिथे शिकारीला बंदी केली होती आणि पक्षी पाहायला दलदलीच्या कडेला एक मनोरा उभारला होता. निलगिरीचे चार खांब, वर फळ्यांचा चौकोनी मजला, चारी बाजूंना कठडा, गवताचं छप्पर. उंची फार नव्हे, दीड मजला. एका कोपऱ्याच्या खांबाला लावलेली कळकाची लांब शिडी, तिचा पाय काठाच्या चिखलात. खाली गाळ, आणि त्या गाळात पूर्वीच्या मचाणाचे तासून टाकलेले टोकदार खुंट.

शिडीजवळ कन्नडमध्ये एक पाटी होती. बंगलोरात तीन वर्षं काढूनही मला कन्नडचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, याचा मला त्या काळी थोडा अभिमानच होता. "काय लिहिलंय?" असं गोखलेवहिनींनी विचारल्यावर चिटणीसाच्या अधिकारानं मी म्हणालो, "पक्ष्यांची नावं." आणि सगळ्यांच्या पिशव्या, टोप्या, शाली नीट त्याच पाटीवर टांगून ठेवल्या. त्यामुळे ज्यांना वाचता येत होतं त्यांचीही सोय झाली.

राखणदार कुठल्याशा लग्नाला गेला होता. एकेक करत वीसेक माणसं वर चढली. पद्मक्का खालीच बसणार होत्या, पण मी म्हणालो, "अक्का, मी आहे ना!" मग तिघांनी खालून ढकलत आणि दोघांनी वरून ओढत त्यांना वर घेतलं, आणि शिडीच्या तोंडाशीच घडीच्या खुर्चीवर बसवलं. अण्णा मागे होते. बसच्या पाट्यांची स्प्रिंग ठोकून ते ड्रायव्हरशी वाद घालत होते. आचारी आणि बाकीची मंडळी लांब चिंचेखाली चुलीच्या मागे लागली होती.

वर वारा मस्त होता. पाण्यात पाणकावळे पंख वाळवत उभे. मी शिडीच्या बाजूच्या कठड्याला रेलून, काहीच कळत नसताना, सगळ्यांना पक्षी दाखवत होतो. आणि तेवढ्यात मला लांब पाणकणसांत काहीतरी मोठं, गुलाबी दिसलं.

"फ्लेमिंगो!" मी ओरडलो. "तो बघा! फ्लेमिंगो!"

सगळेच्या सगळे माझ्या बाजूला धावले.

ते कोणाचं तरी वाळत घातलेलं लुगडं होतं. पण हे कळायच्या आत पायाखालून आवाज आला. ऊस मोडतो तसा, पण लांबलचक. कर्रर्र.

"अगंबाई, हा कुठला पक्षी?" गोखलेवहिनी म्हणाल्या.

माझा थर्मास मजल्याच्या मधोमध आडवा पडलेला होता. तो हळूच हलला, गडगडायला लागला, आणि कोणी न ढकलता पद्मक्कांच्या खुर्चीजवळून जाऊन शिडीच्या कोपऱ्यातून खाली पडला. मजला तिकडे कलला होता. फार नाही. थर्मासला कळेल इतकाच.

मी फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं. अण्णा येऊन पोचले होते. पायाशी पडलेला थर्मास पाहून त्यांनी मान वर केली. मग पाटीवरच्या पिशव्या एकेक करून काढल्या आणि पाटी वाचली. तिच्यावर काय होतं ते मला नंतर कळलं: एका वेळी आठ माणसं. धोतर खोचून ते गुडघाभर गाळात उतरले, शिडीच्या कोपऱ्यातल्या खांबाशी गेले आणि त्यांनी बोटाच्या पेरानं ठोकलं.

तो आवाज मला वर ऐकू आला. बद्द.

खांबाच्या त्या उंचीला पाणी कधी असतं, कधी नसतं. त्या पट्ट्यात लाकूड आतून कुजलं होतं, आणि तिथून एक चीर खांबाच्या अंगानं वर निघाली होती. अण्णांनी तिच्यात बोट घातलं. पेरापर्यंत गेलं.

आमची नजरानजर झाली. अण्णा नेहमी तांबूस दिसायचे. आता ते राखेसारखे झाले होते. त्यांच्या डोक्यावर, त्या खांबाच्या बरोबर वर, त्यांची बायको बसली होती. उतरायची वाट तीच. "पळा" म्हटलं असतं तर वीस माणसं त्या एकाच कोपऱ्यावर आली असती.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाले, "लिमया. कोणाला सांगू नको. सगळ्यांना बसव. समोरच्या दोन बाजूंना. माझ्या डोक्यावर कोणी यायचं नाही."

मी टाळी वाजवून जे बोललो ते आठवलं की आजही लाज वाटते. मी म्हणालो, "चला, गाण्याच्या भेंड्या!"

"आता? भूक लागली आहे हो," दामले म्हणाले. दामले आमच्या कारखान्यातले हिशेबनीस, पुण्याचे, आवाज भारदस्त. ते शिडीकडे निघाले. एक पाऊल. दुसरं. कर्र.

खालून अण्णांचा आवाज आला. मोठा, अगदी लग्नघरातला. "कोणी उतरायचं नाही! पंगत वरच! पानं वर पाठवतो!"

मनोऱ्यावर आनंदाची लाट उसळली. पक्ष्यांच्या साक्षीनं पंगत! दामले मागे फिरले. मी माणसांना समोरच्या दोन कडांना बसवू लागलो, आणि नेहमीची सवय उपयोगी पडली. पुणे-मुंबईवाले एका कडेला गेले आणि बंगलोरवाले दुसऱ्या कडेला, मी न सांगता. पद्मक्कांना हलवणं शक्य नव्हतं. त्या कोपऱ्यात खुर्चीवर एकट्याच राहिल्या.

ड्रायव्हरला अण्णांनी काय सांगितलं देव जाणे, पण तो बसच्या टपावरचं सामान बांधायचं चऱ्हाट घेऊन धावत आला. दोरीला बांधून पत्रावळींचा गठ्ठा वर आला. मी पानं मांडली. फटीतून दिसत होतं: अण्णा खांबाला खांदा लावून उभे, आणि ड्रायव्हर ओलं चऱ्हाट चिरेभोवती गुंडाळत, पाय देऊन आवळत होता.

"वाढा की!" बंगलोरच्या पंगतीतून कोणी ओरडलं.

"श्लोक आधी," अण्णा खालून म्हणाले. "एक या पंगतीतला, एक त्या पंगतीतला. ज्याचा श्लोक झाला त्यानं खाली उतरायचं आणि वाढपाला लागायचं. आमच्या बंगलोरची चाल आहे."

"ही कुठली चाल?" दामले म्हणाले. "श्लोक म्हणणाऱ्यालाच शिक्षा?"

बंगलोरच्या पंगतीतले किट्टण्णा अण्णांचे बालमित्र. तेही बुचकळ्यात पडले. "अरे वेंकोबा, आपल्यात अशी चाल कधी..."

"आहे की!" पद्मक्का फाडकन म्हणाल्या. "तुझ्या मुंजीत तूच नाही का वाढायला उठलास किट्टण्णा? विसरलास? ऊठ, पहिला श्लोक तुझा."

मी वळून पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. पाय मात्र फळ्यांना न टेकवता अधांतरी उचलून धरले होते, जणू तेवढं वजन कमी होईल. त्यांना कळलं होतं. नवऱ्याचा आवाज त्यांनी इतकी वर्षं ऐकला होता; आज तो कुठे बद्द वाजतोय हे त्यांच्यापासून थोडंच लपणार?

किट्टण्णा श्लोक म्हणून उतरले. मग पुणे पंगतीतून एक. मग तिकडचा एक. प्रत्येक जण शिडीवर पाय ठेवी तेव्हा खांब कण्हायचा, आणि अण्णा खालून मोठ्यानं म्हणायचे, "सरी! पुढचा!" उतरणाऱ्याला ते मान वर करू देत नव्हते. "चिंचेकडे पळ. मागे बघू नको, भात करपेल." मी वर हसरा चेहरा करून उभा होतो. गोखलेवहिनींनी उतरताना माझ्या हाताला हात लावला आणि म्हणाल्या, "अय्या, थंडी वाजतेय का तुम्हाला? घाम किती आलाय!"

निम्मी माणसं उतरली आणि दामल्यांची पाळी आली.

दामल्यांना गळा होता आणि त्याची त्यांना जाणीव होती. त्यांनी डोळे मिटले, एक हात मांडीवर ठेवला आणि संस्कृतातलं असं काही लांबलचक सुरू केलं, की एकेका ओळीत सूर्य उगवून मावळावा. श्लोक म्हणणाऱ्याला मधेच अडवायचं नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. सगळे माना डोलावत बसले. खाली चऱ्हाटाचा एक पेड तुटल्याचा आवाज झाला.

मी फटीतून पाहिलं. अण्णांचा चेहरा खांबाला चेपला होता. गालावर साल उमटली होती.

"दामले, भात निवतोय," पद्मक्का म्हणाल्या.

दामल्यांनी डोळे न उघडता हात वर केला. अजून आहे.

"दामले," खालून अण्णा ओरडले, आणि त्या आवाजात आता लग्नघर उरलं नव्हतं, "पुण्याची हीच का चाल? एकानं गायचं आणि बाकीच्यांनी उपाशी मरायचं?"

दामले थांबले. लाल झाले. "हा अपमान आहे," असं म्हणून ते ताडकन उठले आणि पाय आपटत शिडीकडे निघाले. एकेक पाऊल मला दातांत जाणवलं. मजला पुन्हा कलला. दोन-चार पत्रावळी घसरत कोपऱ्यात गेल्या आणि पद्मक्कांच्या पायाशी थांबल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. दामले उतरले. खाली अण्णांकडे न बघता, चिंचेकडे चालते झाले. त्या दिवसानंतर ते अण्णांशी बोलले नाहीत.

उरलेले भराभर उतरले. मग वर आम्ही दोघंच. मी आणि अक्का.

"तू जा," त्या म्हणाल्या. "'मी आहे ना' म्हणालास. आता नाही म्हणून जा."

"लिमया, तिला मागून धर," अण्णा म्हणाले. "मी येतो वर."

"तुम्ही येऊ नका!" अक्का ओरडल्या. "तुमच्या एकट्यात दोघं आहेत."

पण ड्रायव्हरला चऱ्हाट सोडता येत नव्हतं. अण्णा अर्धी शिडी चढून थांबले. आणखी वर येणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. मी अक्कांना बगलेत धरून उठवलं, वळवलं, शिडीकडे पाठ करून उभं केलं. त्यांनी एक पाय खाली सोडला. गुडघा वाकेना, पायरी सापडेना. चाचपडत एक-दोन पायऱ्या कशाबशा सरकल्या. मग अण्णांचा हात वर आला आणि त्यांनी तो पाय धरला.

अक्कांनी पाय झटकन वर ओढून घेतला. शिडी हादरली. खांबातून पुन्हा तो आवाज आला.

"अहो! पायाला हात काय लावता? चारचौघांत! पाप लागेल मला!"

"लागू दे. पाय दे."

"नाही. बाजूला व्हा, मी आपली उतरते."

"तुला पायरी दिसत नाही."

"न दिसू दे. नवऱ्याच्या हातात पाय देऊ? माझ्या आईनं..."

"पद्मा," अण्णा म्हणाले.

मी त्यांचं तोंड पाहू शकत नव्हतो. फक्त काळी टोपी आणि वर ताणलेले दोन हात, कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. चऱ्हाट ओढून धरलेला ड्रायव्हरसुद्धा मान खाली घालून उभा राहिला.

"पद्मा, उजवा पाय."

अक्कांनी माझा दंड इतका आवळला की नखं रुतली. मग हळूहळू त्यांनी उजवा पाय खाली सोडला. अण्णांनी टाच तळहातावर घेतली आणि पायरीवर नेऊन टेकवली. वर दुसरा हात ठेवून दाबली, की ठीक बसली आहे ना. "आता डावा." डावा. "उजवा." त्या रडत होत्या की शिव्या देत होत्या, दोन्ही असावं. प्रत्येक पायरीला ते एक पाऊल मागे उतरत आणि अक्कांचं पाऊल खाली घेत. माझ्या हातून त्यांचे खांदे सुटले, मग बोटं सुटली. शेवटी दोघं चिखलात उभी राहिल्याचा चुबुक आवाज आला.

मी कसा उतरलो ते विचारू नका. शिडीचा मला स्पर्श झाल्याचं आठवत नाही.

मनोरा पडला नाही. ड्रायव्हरनं चऱ्हाट सोडलं, तो थोडा तिरका होऊन उभाच राहिला. चिंचेखाली पंगत बसली. वर पानं मांडून माणसांना खाली उतरवणारी, ज्याचं त्यालाच वाढायला लावणारी बंगलोरी पद्धत किती विचित्र, यावर पुणे पंगतीत पुरणपोळी संपेपर्यंत चर्चा झाली. "शिस्त नाही," दामले भिंतीशी बोलावं तसे चिंचेच्या खोडाशी बोलले. मी तोंड उघडणार तोच अण्णांनी माझ्या पानात भात वाढता वाढता म्हटलं, "सुम्मने, गप जेव. आत्ता सांगिटलंस तर अन्न उतरणार नाही कोणाला." आणि पुढच्या पानाकडे गेले. नंतरही कधी त्यांनी ते सांगितलं नाही. मंडळात मात्र वनभोजनाचा विचका करणारे म्हणून त्यांचं नाव झालं ते झालंच.

जेवणं उरकली. बसमध्ये गाण्याच्या भेंड्या एकदाच्या सुरू झाल्या. माझा थर्मास गाळात राहिला होता म्हणून मी परत गेलो, तर शिडी जागेवर नव्हती. अण्णांनी ती सोडवून घेतली होती. राखणदाराच्या घरी टाकून त्याला मनोऱ्यावर कोणी चढू नये म्हणून निरोप ठेवायचा होता. तळ्याच्या बांधावरून ते चालले होते. शिडीचं पुढचं टोक त्यांच्या खांद्यावर, मागचं टोक जमिनीवर घासत, आणि तिला एक हात लावून पद्मक्का मागून बदकासारख्या डुलत. पाणकणसांच्या आड मी होतो, त्यांना दिसत नव्हतो.

मध्येच अक्का थांबल्या. "अहो, ऐकलं का. ठेवा ती खाली."

अण्णांनी शिडी खाली ठेवली. अक्कांनी डोक्यावरून पदर घेतला, आजूबाजूला कोणी नाही असं पाहिलं, आणि कमरेतून वाकू लागल्या. थोड्या वाकल्या आणि अडकल्या. गुडघे ऐकेनात. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अडकल्या.

"राहू दे की," अण्णा म्हणाले.

"राहू दे काय? माझं पाप कोण फेडणार? पाय वर करा."

अण्णांनी इकडे तिकडे पाहिलं. बांधाच्या कडेला मैलाचा एक दगड होता. ते ऐसपैस गृहस्थ एका हातानं टोपी आणि दुसऱ्या हातानं धोतर सांभाळत त्याच्याजवळ गेले, आणि चिखलानं माखलेला उजवा पाय उचलून त्यांनी अक्कांच्या हाताला पोचेल असा त्या दगडावर ठेवला.